पदरमोड करून छापलेली कादंबरी



एखाद्या गृहस्थाने आपल्या पैशाने पुस्तक छापले असे कळले, की ऐकणाराच्या मुद्रेवर एक बारीकसे हसू उमटते. पुस्तक धर्मविषयक अथवा शालोपयोगी असेल तर ते हसू लवकर मावळते. पण ती कादंबरी असली, आणि त्यातही ढाल-तलवारीची, भुयारांची वा गुप्त पोलिसांची असली, तर ते चांगलेच रेंगाळते. ज्याला प्रकाशक मिळाला नाही त्याने हौस भागवून घेतली, एवढाच अर्थ लोक त्यातून काढतात. ह्या समजुतीला इतिहासाचा आधार कितपत आहे, हे आज पाहावे असा माझा हेतू आहे. मी भंडारा जिल्ह्यातील एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढे मास्तरकीपुरती पदविका. विद्वत्तेचा आव मजकडे नाही. परंतु ह्या प्रकरणात माझे स्वतःचे काही रुपये खर्ची पडलेले आहेत, आणि ज्याचे रुपये खर्ची पडतात तो विषयाचा अभ्यास जरा मन लावून करतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आज आपण ज्याला प्रकाशक म्हणतो तो मराठीत पुष्कळ उशिरा आला. छपाई आली तेव्हा खर्च सोसणारे दोघेच होते, मिशन आणि सरकार. १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी ह्यांचे मराठी व्याकरण छापले गेले. त्या कामी त्यांच्या मदतीस असलेले वैजनाथ पंडित हे आमच्या नागपूरकडचे. त्यांची 'सिंहासन बत्तिशी' १८१४ मध्ये तिथेच छापून निघाली. म्हणजे मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत विक्रम राजाच्या नवलकथांचे एक पुस्तक आहे. करमणूक ही छापखान्यात मागाहून शिरलेली पाहुणी नव्हे, ती पहिल्या पंगतीसच बसलेली होती. पुढे १८३१ मध्ये मुंबईस गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढले. त्याला मिशनचा आधार नव्हता की सरकारचा. लोकांना जे हवे ते छापले तर लोक पैसे देतात, हे त्या पंचांगाने दाखवून दिले.

कादंबरी ह्यानंतरची. बाबा पदमनजी ह्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. त्यात विधवांच्या दुःस्थितीचे चित्र आहे आणि हेतू उघड सुधारणेचा आहे. निव्वळ मनोरंजनाची परंपरा सुरू होते ती हळबेशास्त्र्यांच्या 'मुक्तामाला' ह्या १८६१ च्या कादंबरीपासून. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' आली. राजपुत्र, राजकन्या, दुष्ट प्रधान, संकटे आणि शेवटी सर्व गोड. विद्वानांनी ह्या पुस्तकांस अद्भुतरम्य म्हणून पुष्कळ नावे ठेवली. वाचकांनी मात्र ती वाचली. मग १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांचा 'मोचनगड' पुस्तकरूपाने निघाला आणि शिवकालीन किल्ल्याभोवतीची ऐतिहासिक कादंबरी मराठीत अवतरली. ही कादंबरी आधी 'विविधज्ञानविस्तार' ह्या मासिकातून क्रमशः येत होती, आणि त्या मासिकाच्या संपादनात गुंजीकर स्वतःच होते. ह्या गोष्टीकडे मला आपले लक्ष विशेष वेधायचे आहे. आपली ऐतिहासिक कादंबरी जन्मली ती लेखकाच्या हाताखालील मासिकात. कोणा परक्या प्रकाशकाने तिला दार उघडून दिलेले नाही.

त्या काळी पुस्तक छापू इच्छिणाराने करावयाचे तरी काय? दक्षिणा प्राइज कमिटीकडून पारितोषिक मिळते का ते पाहावे. एखाद्या संस्थानिकाच्या अथवा धनिकाच्या नावे ग्रंथ अर्पण करावा. नाहीतर आगाऊ वर्गणीदार जमवावेत. हा तिसरा मार्ग सामान्य माणसाचा. पुस्तक छापण्यापूर्वी पत्रके वाटायची, ओळखीच्या वकील, मामलेदार, मास्तर मंडळींस पत्रे लिहायची, आणि 'एक प्रत घेईन' अशी नावे गोळा करायची. पुढे ती नावे आश्रयदात्यांची यादी म्हणून पुस्तकातच छापली जात. जुनी पुस्तके चाळताना ह्या याद्या आपण उलटून टाकतो. परंतु ते पुस्तक जगात आले ते त्या नावांच्या खांद्यांवर बसून आले.

ह्या पद्धतीला बळ आले ते टपालखात्यामुळे. १८७७ मध्ये व्ही. पी.ची, म्हणजे टपालवाल्याने पुस्तक देऊन किंमत वसूल करून आणण्याची, सोय झाली; १८८० मध्ये मनिऑर्डर पोस्टाकडे आली. त्याच सुमारास नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी आगगाडी भंडारा व तुमसर ह्या भागांतून धावू लागली. पुण्यात अथवा मुंबईत बसलेल्या लेखकाला वैनगंगेच्या काठचा वाचक प्रथमच हाताशी आला. दुकानदार मध्ये नसला तरी पुस्तक पोहोचू लागले आणि पैसाही परत येऊ लागला. स्वतः छापून स्वतः विकणाऱ्या लेखकाचे खरे भांडवल काय म्हणाल तर ते हे टपालखाते.

ह्या सोयीचा सर्वांत मोठा उपयोग ज्या कादंबरीकाराने केला ते हरि नारायण आपटे. त्यांचा जन्म १८६४ मध्ये खानदेशात पारोळे येथे झाला. १८८३ मध्ये मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजात गेले. पण गणिताने त्यांस पदवीपर्यंत जाऊ दिले नाही. तेव्हा मराठी कादंबरीचा हा थोर शिल्पकार परीक्षेच्या दृष्टीने मजइतकाच शिकलेला होता, हे सांगताना मला थोडा आनंद होतो. आपण क्षमा करावी. चुलते महादेव चिमणाजी आपटे ह्यांनी काढलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था पाहणे हे त्यांचे काम झाले. त्यांची 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी १८८५ मध्ये 'पुणे वैभव' ह्या दुसऱ्याच्या पत्रात आली. १८९० मध्ये मात्र त्यांनी 'करमणूक' नावाचे स्वतःचे साप्ताहिक सुरू केले. 'पण लक्षांत कोण घेतो', 'उषःकाल' ह्या आज पाठ्यपुस्तकांत मान पावलेल्या कादंबऱ्या ह्या 'करमणुकी'च्या अंकांतून आठवड्या-आठवड्याने वाचकांच्या हाती गेल्या. पत्राचे नाव पाहा! लेखकाने आपल्या दुकानावर पाटीच लावली होती की येथे करमणूक मिळेल.

ह्या व्यवस्थेतील शहाणपण उलगडून पाहण्यासारखे आहे. चारशे पानांची कादंबरी एकदम छापावयाची म्हणजे कागद, जुळणी, छपाई, बांधणी ह्यांचा सर्व खर्च विक्रीपूर्वी करावा लागतो. साप्ताहिकात तीच कादंबरी आठवड्याला काही पानांनी छापली जाते, आणि वर्गणी आधी आलेली असते. वाचक थोडेथोडे पैसे देतो, लेखक थोडेथोडे लिहितो, आणि वर्ष-दोन वर्षांनी पुस्तक करावयाची वेळ येते तेव्हा गिऱ्हाईक आधीच तयार झालेले असते. पण ह्याची किंमतही द्यावी लागते. प्रकृती बरी असो वा नसो, अंक निघालाच पाहिजे. प्रकरणाच्या शेवटी वाचकास अडकवून ठेवलेच पाहिजे. मागे छापून गेलेले प्रकरण दुरुस्त करावयाची सोय नाही. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत जो पाल्हाळ टीकाकारांस दिसतो, त्याचा उगम ह्या साप्ताहिक रहाटगाडग्यात आहे असे मला वाटते. तरीही हे रहाटगाडगे त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ फिरवले. १९१२ मध्ये अकोल्यास साहित्यसंमेलन भरले तेव्हा वऱ्हाडातील वाचकांनी त्यांस अध्यक्षस्थानी पाहिले. १९१९ मध्ये ते वारले.

दुसरे उदाहरण ह्याहून नवलाचे आहे. १८८६ मध्ये कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांनी 'केरळकोकिळ' हे मराठी मासिक काढले, ते पुण्याहून वा मुंबईहून नव्हे, तर दूर मलबारातील कोचीनहून. तेथे देवजी भीमजी नावाच्या व्यापारी गृहस्थांचा छापखाना होता, त्याचा आश्रय त्यांस लाभला. ह्याच मासिकात १९०० पासून आठल्ये ह्यांनी झूल व्हर्नच्या चंद्राकडे झेप घेणाऱ्या कादंबरीचे मराठी रूप क्रमशः दिले. मराठीतील विज्ञानकथेचा आरंभ ह्याच लेखनापासून मोजतात. तोफेच्या गोळ्यात बसून माणसे चंद्रावर निघाली आहेत, ही कथा त्या काळी कोणता पोक्त ग्रंथविक्रेता पैसे घालून छापता? मासिक आपले होते म्हणून ती छापली गेली. नव्या जातीच्या कथेस पहिला निवारा बहुधा तिच्या लेखकालाच बांधावा लागतो.

पुढील पिढीत चित्र पालटले. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या 'मनोरंजन' मासिकाने मोठा वाचकवर्ग घडवला. १९०९ मध्ये त्यांनी पहिला दिवाळी अंक काढला. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे आपले नाथमाधव, १९०५ मध्ये सिंहगडावर शिकारीस गेले असता कड्यावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले. अंथरुणास खिळलेल्या ह्या माणसाने 'वीरधवल'सारखी अद्भुत कादंबरी आणि स्वराज्याविषयीची ऐतिहासिक कादंबरीमाला लिहिली. अशा लेखकाने गावोगाव फिरून वर्गणीदार कसे जमवावेत? प्रकाशकाची गरज काय असते ते येथे समजते. प्रकाशक हा लेखकाचे पाय असतो. आणि पुढे बाबूराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, ह्यांनी झुंजार, काळा पहाड, धनंजय अशा नायकांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या घरोघरी गेल्या त्या मुख्यतः भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांच्या वाटेने. एकेक प्रत किती हातांतून फिरली ह्याची गणती कोणी ठेवली नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडात जेन ऑस्टिन ह्या बाईंनी १८०३ मध्ये आपली एक कादंबरी प्रकाशकास दहा पौंडांना विकली. त्याने ती छापलीच नाही. १८१६ मध्ये त्यांनी तेवढीच रक्कम भरून ती परत घेतली. मधल्या काळात, १८११ मध्ये, त्यांनी दुसरी एक कादंबरी स्वतःच्या जोखमीवर छापून घेतली. तोटा आला तर तो लेखिकेने भरावयाचा, असा तो करार होता. तोटा आला नाही. पहिली आवृत्ती दोन वर्षांत संपून बाईंस सुमारे १४० पौंड नफा झाला. त्या धीटपणाने नंतरची कादंबरी मात्र त्यांनी ११० पौंडांना कायमची विकून टाकली, आणि ती पुढे सर्वांत लोकप्रिय ठरली. सांगावयाचे एवढेच की, पदरचे घालणारा नेहमी मूर्ख ठरत नाही आणि विकून मोकळा होणारा नेहमी शहाणा ठरत नाही.

आता माझी कथा. ती इतिहासात बसण्याच्या योग्यतेची नाही, परंतु इतिहासाने शिकवलेला धडा मी न वाचल्यामुळे ती घडली, म्हणून सांगतो. तुमसरच्या पलीकडे आंबागड नावाचा किल्ला आहे, देवगडच्या गोंड राजवटीतला. तरुणपणी मी तेथे वारंवार जात असे. त्यावर मी एक कादंबरी लिहिली. तीत एक हरवलेली सनद, एक विश्वासू शिलेदार आणि एक भुयार होते. भुयार मी कल्पनेने खणले होते. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले. तिसऱ्याने नाव आपले आणि खर्च माझा अशी सूचना केली. तेव्हा १९८८ मध्ये मी ती नागपूरच्या एका छापखान्यात स्वतःच छापून घेतली. १९२ पाने, म्हणजे सोळा पानांचे बारा फर्मे, ५०० प्रती, किंमत ३० रुपये. एकंदर खर्च ९,००० रुपये झाला. तो माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढा होता, आणि भविष्यनिर्वाह निधीतून उचललेला होता. ते पैसे खरे म्हणजे घरावरील कौले बदलण्यासाठी ठेवले होते. पुढचे दोन पावसाळे आमच्या माजघरात पातेली मांडलेली असत. घरातून त्याबद्दल एक शब्दही निघाला नाही. पाणी पातेल्यात पडल्याचा आवाज मात्र मला रात्रभर ऐकू येई.

माझी जमाखर्चाची वही अजून आहे. ६२ प्रतींत बांधणाराच्या हातून सातवा फर्मा दोनदा लागला आणि आठवा गळाला; म्हणजे शिलेदार भुयारात शिरतो, पुन्हा शिरतो, आणि बाहेर येण्याची पाने नाहीतच. त्या प्रती बाद झाल्या. ९० प्रती भेट म्हणून गेल्या; स्नेही मंडळी पुस्तक विकत घेत नसतात हे मला माहीत नव्हते. १२० प्रती मी स्वतः शाळांतून, लग्नसमारंभांतून, बाजारच्या दिवशी हातोहात विकल्या. ९४ प्रती दुकानदारांमार्फत गेल्या. ते एक तृतीयांश कमिशन कापून घेत. सर्व मिळून ५,४८० रुपये परत आले आणि ३,५२० रुपये बुडाले. उरलेल्या १३४ प्रती लोखंडी पेटीत राहिल्या.

ह्यात दोष कोणाचा? पुष्कळ दिवस मी तो छापखान्याला, दुकानदारांना आणि वाचकांच्या अभिरुचीला देत असे. जुन्या पुस्तकांतील आश्रयदात्यांच्या याद्या वाचू लागलो तेव्हा माझी चूक मला दिसली. पूर्वीचे लोक आधी वाचक जमवीत आणि मग छापीत. मी आधी छापले आणि मग वाचक शोधत हिंडलो. गुंजीकर, आपटे, आठल्ये ह्यांनीही पदरमोड केली. पण तिची दिशा वेगळी होती. त्यांनी पैसा आणि कष्ट घातले ते वाचकापर्यंत जाणाऱ्या वाटेत. मी सर्व पैसा घातला तो कागदात. वाट पक्की असली की कागद आपोआप चालू लागतो. वाट नसली की तो पेटीत बसतो.

तरी सर्व फुकट गेले असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयास मी प्रती पाठवल्या होत्या. आमच्या जिल्ह्यातील एका लहान कथेला देशाच्या कपाटात जागा मिळावी, हा हक्क कायद्याने स्वखर्चाच्या पुस्तकालाही दिला आहे. आणि निवृत्तीनंतर पेटीतील प्रती मी खेड्यापाड्यांतील शाळांना वाटून टाकल्या. मागील वर्षी साकोलीकडील एका शाळेत गेलो असता तेथील कपाटात माझे पुस्तक दिसले. वेष्टन गेले होते, पाठ सुतळीने शिवली होती, आणि देवघेवीच्या चिठ्ठीवर तारखांच्या दोन रांगा भरल्या होत्या. त्या तारखांपुढे मला माझी वही थोडी फिकी वाटली.

आज छपाईचे स्वरूप पार बदलले आहे. खिळे गेले, संगणकावर जुळलेले पुस्तक पन्नास प्रतींचेही छापता येते आणि मागणी येईल तशी आणखी काढता येतात. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक दिल्लीच्या सरकारी कचेरीतून विनामूल्य मिळतो. १८६७ चा मुद्रणविषयक कायदा, ज्याखाली शतकाहून अधिक काळ पुस्तकांची नोंद होत असे, तोही १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्यास जागा देऊन निघून गेला. तेव्हा पेटी भरून ठेवण्याची पाळी आता कोणावर येऊ नये. परंतु वाचक मिळवण्याचे जुने काम यंत्राने केलेले नाही. ते आजही पत्रे लिहून, भेटी घेऊन, थोडेथोडे वाचावयास देऊनच करावे लागते.

माझ्या टेबलाच्या खणात दुसरी कादंबरी तयार आहे. किल्ला तोच, भुयार ह्या वेळी ठेवलेले नाही. ती छापावी की न छापावी ह्यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली, कारण निवृत्तिवेतन हे दोघांचे असते. अखेर ठरले ते असे: शंभर नावे जमेपर्यंत छापखान्याची पायरी चढावयाची नाही. पहिली दोन प्रकरणे मी हाताने उतरवून काही शाळांत व वाचनालयांत ठेवली आहेत आणि शेजारी एक वही ठेवली आहे. पुढे काय होते ते ज्यास जाणावयाचे असेल त्याने त्या वहीत नाव लिहावे. आजपर्यंत ६३ नावे झाली आहेत. त्यांतील पहिले नाव आमच्या घरातलेच आहे, आणि त्यापुढे, कौले आता शाबूत आहेत, असा शेराही आहे. पुस्तक निघालेच, तर ही शंभर नावे मी शेवटच्या पानावर छापणार आहे.